रीळ कपाटात जायचं नाही

माझ्या थोरल्या दिरांनी गावाकडं नवा बंगला बांधला, तेव्हा दिवाणखान्याच्या भिंतीत काचेचं एक कपाट बसवून घेतलं. वरून उजेड पडावा म्हणून त्यात बारके दिवे लावले. एका कप्प्यात सासऱ्यांचा फेटा बांधलेला फोटो, दुसऱ्यात माझ्या नवऱ्याची फौजेतली पदकं, आणि मधला कप्पा मोकळा. तो माझ्या रिळासाठी होता. मला कुणी विचारलं नव्हतं, पण सुताराला माप मात्र आधीच दिलेलं होतं.

मी शिवणाची बाई. विश्रामबागेत इतकी वर्षं क्लास चालवते, म्हणून सांगून टाकते की हे रीळ दोऱ्याचं नव्हे. मासे धरायचं आहे, जुनं, विलायती, काळपट हिरव्या रंगाचं. काठीला खालून अडकवायचं, हँडल फिरवलं की तारेची कडी गोल फिरते आणि पुढच्या बॉबिनवर दोरा गुंडाळला जातो. आतली चाकं पितळेची आहेत. हल्ली अशा वस्तूंना काहीतरी फॅशनेबल नाव देऊन लोक काचेत ठेवतात. ठेवू देत बापडे. माझं रीळ म्हातारं आहे, पण त्याला अजून पेन्शनीत काढलेलं नाही.

ते घरात आलं नवऱ्यामुळं. चारचौघांत मी त्याला 'हे' म्हणायची, पण कागदावर मला कुणाची भीती आहे? डोंगरातल्या एका पोस्टिंगवर तो एका साहेबाची गाडी चालवायचा. साहेबाला माशांचं वेड. सुट्टीच्या दिवशी दोघं नदीवर जायचे आणि तिथं कोण साहेब, कोण ड्रायव्हर हे कुणाच्या लक्षात राहायचं नाही. साहेब निवृत्त होऊन निघाला तेव्हा ट्रंकेत ठेवायच्या सामानातून हे रीळ काढून त्यानं ह्याच्या हातात ठेवलं. नवऱ्यानं पदकं घरी आणली ती रुमालात गुंडाळून, आणि रीळ आणलं ते दोन्ही हातांत धरून. ह्यावरून काय ते समजावं.

फौज संपल्यावर आम्ही सांगलीला राहिलो. रविवारी सकाळी हरिपूरला, जिथं वारणा कृष्णेला मिळते, तिथं जायचं. बरोबर थर्मास, गांडुळांचा डबा आणि बसायला जेन. जेन म्हणजे लोकरीची बैठक, पण घोंगड्यासारखी विणलेली नव्हे. लोकर भिजवून, लाटून, दाबून एकजीव केलेली असते. ही त्यानं आटपाडीच्या बाजारातून आणली होती. सुरुवातीला मी तिच्यावर बसून काजं-बटणं करायची. मग एकदा तो म्हणाला, "धर की जरा, चहा पितो." मी काठी धरली. तेव्हापासून चहा बराच वेळ चालायला लागला.

त्यानं मला शिकवलं असं म्हणणं बरोबर नाही. अर्धं मला आधीच येत होतं. बॉबिनच्या तोंडावर एक नॉब असतो, तो फिरवला की आतल्या चकत्या एकमेकींवर कमी-जास्त दाबल्या जातात. मासा जोरात ओढायला लागला की त्या घसरतात आणि दोरा तुटायच्या आत थोडाथोडा सुटत राहतो. नवरा त्याला 'ढील' म्हणायचा, पतंगाची असते तशी. मी म्हटलं, "अहो, हे तर माझ्या मशीनचं टेन्शन!" शिलाई मशीनवर दोन चकत्यांमधून दोरा जातो आणि वरचा स्क्रू तो दाब ठरवतो. क्लासमध्ये पहिल्याच दिवशी मी मुलींना सांगते की मलमलला जाड दोरा घालून स्क्रू आवळलात तर कापड गोळा होईल, दोरा तुटेल आणि तुम्ही दोऱ्याला शिव्या घालाल. सुई, दोरा आणि टेन्शन ही एका घरातली माणसं आहेत. एकाला बदललं की बाकीच्यांना विचारावं लागतं.

आता दिरांबद्दल. माणूस वाईट नाही. त्यांच्या उसाचं एक कांडं कधी रानात वाळलं नाही, की कुणाच्या दुखण्याखुपण्याला ते गेले नाहीत असं झालं नाही. पण त्यांच्या हाताला एकच वळण ठाऊक, आवळायचं. ट्रॉलीचा दोर, पंपाचा नट, घरातली माणसं. आणि आमच्याकडची जुनी रीत अशी की थोरला दीर आणि धाकटी भावजय समोरासमोर बोलत नाहीत. दिरांना मला काही सांगायचं असलं की ते माझ्या जाऊबाईंना सांगतात. त्यांना आम्ही आक्का म्हणतो, आणि दिरांना सगळं घर दादा म्हणतं. आक्का जवळ नसल्या तर ते भिंतीला सांगतात, दाराला सांगतात. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, ह्यांना थोडं कमी दिसतं की काय. माझे केस पांढरे झाले, तरी ह्या माणसानं माझ्याकडं बघून एक वाक्य उच्चारलेलं नव्हतं. मीही कधी त्यांच्याशी बोलले नाही. उत्तर द्यायचं झालं तर मीही भिंतीलाच द्यायची.

नवरा गेला त्याला तीनेक वर्षं झाली. दिवस झाल्यावर सगळे निघाले, तेव्हा दिरांनी कोपऱ्यातलं रीळ उचललं आणि आक्कांना म्हणाले, "तिला म्हणावं, ह्ये सुटतंय. मी बघितलंय वडून. गावात दुरुस्त करून आणतो."

त्या दिवसांत कुणी घराचा दरवाजा उचलून नेला असता तरी मी बोलले नसते.

गावात उसाच्या ट्रॉल्या आणि पाण्याच्या मोटरी दुरुस्त करणारं एक वर्कशॉप आहे. तिथं रीळ गेलं. दुखणं काय, तर दोरा ओढला की बॉबिन मागं फिरतं. म्हणजे ज्यासाठी त्या साहेबानं आणि माझ्या नवऱ्यानं आयुष्यभर त्या रिळाला जपलं, तेच ह्यांना दुखणं वाटलं. त्यांनी आतल्या मऊ चकत्या काढून टाकल्या, त्या जागी एक जाडजूड पोलादी वायसर बसवला आणि नॉब पकडीनं आवळला. जुनं तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा एकेरी दोरा, काढून त्यावर नव्या तऱ्हेचा विणलेला दोरा गुंडाळला. अक्षरशः ट्रॉली ओढली असती त्यानं. दिवाळीला रीळ परत आलं तेव्हा दीर खूश होते. "म्हणावं, आता हत्ती आला तरी सुटायचं न्हाई."

मला राग आला, पण खरं सांगते, त्याहून जास्त भरून आलं. भाऊ गेल्यावर ह्या माणसाला काहीतरी घट्ट करून ठेवायचं होतं. हे मला कळत होतं. पण कळलं म्हणून बिघडलेली वस्तू नीट होत नाही.

मी ते रीळ घेऊन एकटी हरिपूरला गेले. बाईमाणूस एकटं काठी घेऊन नदीवर दिसलं की लोकांना फार काळजी वाटते. घाटावरच्या देवळातून उतरलेला एकजण म्हणाला, "काकू, दर्शनाला आलाय का?" म्हटलं, "व्हय, पाण्यातल्यांच्या." दुसरा म्हणाला, "मगरी हायत्या बरं का." म्हटलं, "त्यांना ठाऊक हाय मी येणार ते." नदीत मगरी आहेत, ही गोष्ट खरी आहे. मी काठापासून लांब बसते आणि पाण्यात पाय घालत नाही. पण मगरीची आठवण ह्या लोकांना बायकांच्या वेळीच का होते, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या दिवशी मासा लागला. जोरात लागला. त्यानं एक हिसका दिला, ढील सुटली नाही, दोरा ताणला नाही, आणि काठीचं टोक काडकन मोडलं. मागं बसलेल्या माणसांनी "आरारा" केलं. मी मोडकी काठी घेऊन बसस्टॉपवर उभी राहिले आणि नवरा गेल्यावर पहिल्यांदा रस्त्यात रडले.

ही बातमी गावाला पोहोचायला वेळ लागला नाही. तिकडून आक्कांचा फोन आला. "दादा म्हणत्यात, लय जुनं झालं ते. ताकद न्हाई ऱ्हायली त्यात. उगं लोकांत हसं नको. नव्या कपाटात ठिवू, आठवण म्हणून. दिवा लावू वरनं."

आठवण म्हणून! स्वतः त्याचं नरडं आवळलं आणि आता म्हणे ताकद नाही. मी आक्कांना म्हटलं, "दादांना सांगा, त्याला काही झालेलं नाही. मी चालू करून दाखवते." फोन ठेवला आणि लक्षात आलं, बोलून तर बसले.

त्याच दुपारी मशीनच्या टेबलावर फडकं पसरून मी रीळ उघडलं. नॉब निघेना. मशीनचं तेल सोडून, रात्रभर ठेवून सकाळी काढला. आत तो पोलादी वायसर बसला होता, जावयासारखा. तो काढून बाजूला ठेवला. मऊ चकत्या पुन्हा करायला हव्या होत्या. पहिल्यांदा मी मशीनच्या रिळाखाली असते ती लाल फेल्टची चकती घालून बघितली. ती नकली धाग्याची निघाली. चार वेळा ओढल्यावर तिचा लगदा झाला. मग चामडं घातलं, जुन्या पट्ट्याचं. ते एकदम चिकटायचं आणि एकदम सुटायचं. ढील अशी धक्क्यानं सुटली तर तंगूस त्या पहिल्या धक्क्यातच तुटतं. चालायचं नाही.

मी विचार करत बसले होते ती जेनावर. एकदम खाली बघितलं. लोकर दाबून एकजीव केलेली, इतकी वर्षं आम्हा दोघांच्या वजनानं आणखी दाबलेली. ह्याहून चांगलं फेल्ट मला कुठं मिळणार होतं? तरी कात्री लावताना हात अडखळला. त्यावर तो बसलेला होता. मग म्हटलं, बाई, तू हे कापलं नाहीस तर तुझ्यात आणि दिरांत फरक काय? हेही आठवण म्हणून घडी घालून ठेवशील. कोपऱ्याचा तुकडा कापला, त्यातून बॉबिनच्या मापाच्या गोल चकत्या काढल्या, कडा वस्तऱ्यानं साफ केल्या, मशीनच्या तेलात बुडवल्या आणि जुन्या वर्तमानपत्रात दाबून जास्तीचं तेल काढलं. एक धातूची चकती, एक जेनाची, पुन्हा धातूची, असं बसवत गेले. नॉब हलकेच फिरवला आणि दोरा ओढला. बॉबिन फिरलं. धक्का नाही, अडकणं नाही. 'टिक टिक टिक' करत सुटत गेलं. तो आवाज घरात बऱ्याच दिवसांनी झाला. मी चहा ठेवला आणि सवयीनं दोन कप काढले.

मग दोऱ्याचा प्रश्न. बाजारात मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे, तिथं गेले. दुकानदारानं तोच विणलेला दोरा पुढं केला. बारीक आणि मजबूत, सगळे हाच नेतात म्हणाला. मी म्हटलं, सगळ्यांची रिळं नवी आहेत. माझ्या रिळाच्या कडीवर दोरा जिथून वळतो तिथं फिरती चकरी नाही, आणि धातू मऊ आहे. विणलेला दोरा तिथं करवतीसारखी खाच पाडतो. ती खाच पडायला लागलेलीच होती, मी नखानं तपासली होती. शिवाय हा दोरा ताणत नाही. नव्या रिळाची ढील लोण्यासारखी सुटते, त्याला हा चालतो. जुन्या रिळाची ढील सुटताना आधी थोडी का होईना कुरकुरते. तेवढ्या वेळात हिसका कुणीतरी सोसायला हवा, आणि ते काम तंगूस करतं. ते रबरासारखं थोडं लांबतं, माशाला थोडं पुढं जाऊ देतं.

मग तंगूस किती जाड? तोही विचार करावा लागतो. जाड घेतलं की मजबूत होईल म्हणून लोक जाड घेतात. जाड तंगूस आखडू असतं. लहान बॉबिनवर गुंडाळलं की ते वेटोळी करून बसतं आणि फेकताना सगळी वेटोळी एकदम अंगावर येतात. मी मऊ, मध्यम घेतलं. चारेक किलोला तुटेल असं. कोमट पाण्यात भिजवून, ओल्या फडक्यातून ओढून ते बॉबिनवर भरलं. काठाच्या किंचित खालपर्यंत. काठोकाठ भरलं की भसाभसा सुटतं, कमी भरलं की लांब जात नाही.

शेवटी ढील लावायची. रद्दीवाल्याकडं असतो तसा हुकाचा काटा खिडकीच्या गजाला बांधला, त्याला तंगूस अडकवलं आणि नवं टोक बसवून घेतलेली काठी वाकवून मागं सरले. काठी सरळ धरून मोजलं तर हिशोब चुकतो, कारण काठी वाकली की कड्यांवर दोरा घासतो आणि तो ताणही त्यात मिळतो. दोरा जितक्याला तुटतो त्याच्या पावपट ताणाला ढील सुटायला हवी. म्हातारं रीळ असेल तर त्याहून थोडी आधीच. उरलेला जोर बॉबिनच्या कडेवर बोट टेकवून द्यायचा. बोटाला जे कळतं ते नॉबला कळत नाही. आणि घरी आल्यावर नॉब सैल करून ठेवायचा, नाहीतर चकत्या दबून राहतात. नवरा नदीवरून आला की चप्पल काढायच्या आधी नॉब सैल करायचा. समोरच्या काकूंनी एकदा खिडकीतून बघितलं, बाई खिडकीच्या गजाशी मासा धरल्यासारखी झुंजतेय.

होळी झाल्यावर दीर आणि आक्का सांगलीला आले. दिरांचे डोळे मिरजेला दाखवायचे होते. संध्याकाळी जेवताना ते फ्रिजकडं बघून म्हणाले, "म्हणावं, कप्पा तयार हाय. जाताना रीळ घिऊन जातो."

आक्का माझ्याकडं वळल्या. मी म्हटलं, "आक्का, दादांना सांगा, आधी उद्या सकाळी नदीवर चला. दोरा तुटला तर खुशाल घेऊन जा, वर कपाटाला हारसुद्धा मी घालीन. नाही तुटला तर पुन्हा रिळाचं नाव काढायचं नाही."

दीर फ्रिजला म्हणाले, "बरं."

मला त्या रात्री झोप आली नाही. दिरांची भीती नव्हती. मला ते रीळ माझ्याकडं हवं होतं. वस्तू म्हणून नव्हे. रविवारी सकाळी मला कुठंतरी जायला हवं होतं, आणि तिथं पोहोचल्यावर मी फक्त विधवा नसायची. कपाटातलं रीळ म्हणजे माझा रविवारही काचेत गेला असता.

सकाळी आम्ही तिघं हरिपूरला गेलो. आक्कांच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपेनात, त्या वर देवळापाशी बसल्या. पहिल्यांदाच आमच्या दोघांमध्ये कुणी उरलं नाही. दीर जेनाच्या कडेला अवघडून बसले. कापलेल्या कोपऱ्याकडं त्यांचं लक्ष गेलं, पण ते पाण्याकडं बघत राहिले. थोड्या वेळानं नदीला म्हणाले, "चहा असला तर म्हणावं द्या." मी कप मधल्या दगडावर ठेवला.

बराच वेळ काही लागलं नाही. दोन बारक्या चिलापी आल्या, त्या मी परत सोडल्या. दीर थर्मासला म्हणाले, "एवढ्यासाठी पाव शेर तेल जाळून आलो." मी गळावरचं गांडूळ बदललं.

मग तंगूस हललं. एकदा, हळू. मग थांबलं. मी काठी उचलली आणि काठी तशीच वाकली. पाण्याच्या आतून कुणीतरी जड माणूस उठून चालायला लागल्यासारखं वाटलं. रीळ बोलायला लागलं. 'टिक टिक टिक', मग एका लांबलचक आवाजात.

दीर उठून उभे राहिले. "सुटतंय!" ते नदीवर ओरडले. "सुटतंय म्हणावं! आवळा! आवळा म्हणावं!"

मी बोट टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मासा खालच्या अंगाला धावत होता. बॉबिनवरचं तंगूस कमी होत चाललं होतं. "आवळा म्हणावं! ग्येलं! ग्येलं समदं!" ते ओरडत होते, आणि कुणाला सांगत होते, तर नदीला. वरून दोन माणसं बघायला आली. मला एकदम इतका संताप आला की सांगता येत नाही. इतक्या वर्षांची सगळी 'म्हणावं' एका क्षणी माझ्या डोक्यात गेली. मी दोन पावलं त्यांच्यापाशी गेले आणि काठी त्यांच्या हातात दिली.

"धरा. तोडायचा तर तुमच्या हातानं तोडा."

त्यांच्याशी मी बोललेलं ते पहिलं वाक्य. त्यांनी काठी धरली, कारण नसती धरली तर ती पाण्यात गेली असती. त्यांचा उजवा हात आपोआप नॉबवर गेला. मी बघत होते. मी अडवलं नाही. एक वेढा फिरवला असता तर दोरा तुटला असता, रीळ त्यांचं झालं असतं आणि मी दिल्या शब्दाप्रमाणं हार घेऊन गावाला गेले असते.

मासा पुन्हा धावला. त्यांच्या हातातलं रीळ सुटायला लागलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी भीती दिसली, मग वेगळंच काहीतरी. ज्या माणसानं जन्मभर ओढून धरलं, त्याला पहिल्यांदा कळत होतं की सुटतंय तरी हातातून जात नाही. त्यांनी नॉबवरचा हात काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. आणि मग त्यांनी मान वळवली. नदीकडं नाही, देवळाकडं नाही. माझ्याकडं.

"अजून सैल करू व्हय गं?"

"नको," म्हटलं. "हाय तेवढंच ऱ्हाऊ द्या, दादा. नुसतं ओढू नका. ते थांबलं की गुंडाळा."

"आता?"

"आता न्हाई. आता त्याचं चाललंय."

"आता?"

"आता व्हय."

मग आम्ही दोघं बोलतच राहिलो, मासा काठाला येईपर्यंत. कुठं वाकायचं, कुठं थांबायचं, बोट कुठं टेकवायचं. कटला होता, चांगला मोठा. वरून आलेल्या माणसांपैकी एकानं जाळी धरली. दोरा तुटला नाही. दीर मातीत बसले, धापा टाकत, आणि रिळावरून अंगठा फिरवत म्हणाले, "त्येला असंच लागत असंल न्हवं हाताला?" मी म्हटलं, व्हय, असंच. त्या कटल्याच्या कालवणाचं पुढं काय झालं ते आक्कांना विचारा. मिरजेच्या डॉक्टरनं दिलेलं पथ्य त्या दिवशी कुणी पाळलं नाही.

निघताना त्यांनी रीळ मागितलं नाही. पण मला त्यांचा तो मोकळा कप्पा आठवला, आणि माझा स्वभाव मला गप्प बसू देईना. मी मशीनच्या खणातून तो पोलादी वायसर काढला, लाल फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातात ठेवला. "कप्पा मोकळा दिसायला नको," मी म्हटलं. सरळ त्यांच्याकडं बघून. त्यांनी फडकं उघडलं, वायसर बघितला आणि खिशात घातला. मला वाटलं, वाटेत नदीत टाकतील.

पुढं गणपतीला मी गावी गेले. दिवाणखान्यात माणसं बसली होती. कपाटात फेटा घातलेले सासरे होते, पदकं होती, आणि मधल्या कप्प्यात, वरून दिवा लावलेला, तो वायसर होता. शेजारच्या गावचे कुणी पाहुणे काचेशी वाकून बघत होते. "आवं, ह्यो कसला पार्ट म्हणायचा?" त्यांनी विचारलं.

दिरांनी माझ्याकडं बघितलं, मग पाहुण्यांकडं.

"आमच्या धाकटीनं ह्यो काढला," ते म्हणाले, "तवा ते मशीन चालू झालं."